पोर डोकं धरून बसतं तेव्हा

गेल्या अंकात दहावीच्या मुलांच्या झोपेवर लिहिलं होतं, त्यात अर्धशिशीचा म्हणजे मायग्रेनचा एकच परिच्छेद होता, पण पत्रं आली ती सगळी त्या परिच्छेदावर. झोपेबद्दल फक्त दोन. म्हणून आजचा पूर्ण कॉलम अर्धशिशीलाच देतेय. नावं छापत नाही, प्रश्न थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न: मॅडम, मुलगी नववीत आहे. सहावीपासून डोकं दुखतं, आधी महिन्यातून एकदा, आता आठवड्यातून दोनदा तरी. कपाळ दोन्हीकडून ठणकतं, उलटी होते, उजेड नको होतो, ओढणी डोक्याला करकचून बांधून पडून राहते. आम्ही पित्त समजून दोन वर्षं काढली, मग चष्म्याचा नंबर तपासला, मग मोबाइल काढून घेतला. आधी ८२ टक्के होते, सहामाहीला ६४ आले. आता डॉक्टरांनी मायग्रेन सांगितलंय आणि रोज रात्री घ्यायची एक गोळी दिलीय, सहा महिने घ्या म्हणाले. नेटवर बघितलं तर ती डिप्रेशनची गोळी निघाली. सासूबाई म्हणतात डोक्याच्या गोळ्या लागल्या की सुटत नाहीत, बुद्धी मंद होते. चार दिवस देऊन थांबवलीय. पुढचं वर्ष दहावीचं, काय करू? (एक आई, सिडको)

उत्तर: ताई, आधी पित्ताचं बोलू, कारण आपल्याकडे दर दुसऱ्या घरात हेच होतं. उलटी झाली की डोकं उतरतं, म्हणून सगळ्यांना वाटतं पोटातलं पित्त डोक्यात चढलं होतं. खरं तर सुरुवात डोक्यात होते, आणि झटका आला की पोटाचं काम मंदावतं, म्हणून मळमळ आणि उलटी. लहान मुलांचा झटका बऱ्याचदा उलटी होऊन नाहीतर झोप लागून संपतो, त्यामुळे उलटीने बरं वाटतं हे तुमचं निरीक्षण बरोबरच आहे, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. पोट मंदावतं म्हणूनच उशिरा दिलेली गोळी नुसती पोटात पडून राहते किंवा उलटीत बाहेर येते, हे पुढे कामाला येईल, लक्षात ठेवा.

आणि अर्धशिशी या शब्दानेसुद्धा आपली फसगत होते. अर्धं डोकं दुखलं तरच अर्धशिशी असं वाटतं, पण मुलांमध्ये बऱ्याचदा पूर्ण कपाळ दुखतं, दोन्ही कानशिलं दुखतात, आणि मोठ्यांपेक्षा झटका लवकर संपतो, कधी दोन तासांतच. म्हणजे सकाळी डोकं धरून रडणारं पोर दुपारी उठून टीव्ही बघतं आणि घरचे म्हणतात बघा, शाळा बुडवायची होती. तसं नसतं हो. झटका गेला की मूल खरंच ठणठणीत असतं, हा आजारच तसा आहे.

आता गोळीचं. तुम्ही नाव लिहिलं नाहीये पण वर्णनावरून अ‍ॅमिट्रिप्टिलिन वाटतेय. ही जुनी, स्वस्त गोळी, निघाली डिप्रेशनसाठी, पण अर्धशिशीत ती खूप कमी डोसमध्ये देतात, वेगळ्या कामासाठी. अर्धशिशीत रोज देतात त्यातली दुसरी गोळी, टोपिरामेट, मुळात फिटची आहे, तिसरी, प्रोप्रानोलॉल, बीपीची. आमच्याकडे मुलांच्या अर्धशिशीसाठी म्हणून खास बनलेली रोजची गोळीच नाही, सगळ्या दुसऱ्या घरून आलेल्या आहेत, म्हणून नेटवर नाव टाकलं की भलताच आजार दिसतो आणि आईबाप घाबरतात. डॉक्टरांनी हे चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवं, आम्ही बरेच जण सांगत नाही, ही आमची चूक आहे.

व्यसन लागत नाही. साधारण सहा महिने ते वर्ष देतात आणि मग हळूहळू कमी करत बंद करतात. बुद्धी मंद होत नाही, पण सकाळी गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, भूक वाढून वजनही वाढू शकतं. मुलगी सकाळच्या शाळेची असेल, सहाला उठत असेल, तर गोळी झोपताना अकराला न देता आठच्या आसपास द्यायची का हे डॉक्टरांना विचारा, एवढ्या बदलानेच कितीतरी मुली पहिल्या तासाला पेंगायच्या थांबतात. घरात कोणाला हार्टचा त्रास असेल तर तेही सांगा, आधी ईसीजी काढतील. आणि दोन गोष्टी अगदी मनापासून सांगते. एक, मूड बदलला, गप्प गप्प राहायला लागली, काही निराशेचं बोलली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दोन, गोळ्यांची पट्टी तुमच्याकडे ठेवा, मुलीच्या दप्तरात किंवा फ्रिजवर नको, ही गोळी एकदम जास्त पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

पण रोजची गोळी खरंच हवी का? त्यासाठी मार्क बघू नका, दिवस मोजा. पेडमिडास नावाची सहा प्रश्नांची मोजणी आहे, कोणीही घरी करू शकतं. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे पूर्ण शाळा किती दिवस बुडली, अर्धी शाळा किती दिवस, वर्गात असूनही निम्म्याहून कमी लक्ष लागलं असे किती दिवस, घरचा अभ्यास किंवा काम किती दिवस राहिलं, खेळ, लग्न, वाढदिवस किती चुकले, आणि गेली पण नुसती बसून राहिली असे किती. समजा उत्तरं आली ९, ७, ११, १०, ४ आणि ३. बेरीज ४४. तीसपर्यंत त्रास सौम्य धरतात, ३१ ते ५० मध्यम, पन्नासच्या वर गंभीर. तीसच्या पुढे गेलं की रोजच्या औषधाचा विचार करायचा. त्या ११ कडे बघा. हजेरीपटावर ते ११ दिवस हजर लागलेत, पण मुलगी फळ्याकडे बघत होती आणि डोक्यात काही जात नव्हतं. मार्क तिथे गेलेत, आळसात नाही.

आता एक गोष्ट अशी सांगते जी ऐकून लोक म्हणतात मग गोळी देताच कशाला. अमेरिकेत ८ ते १७ वयाच्या ३६१ मुलांवर मोठा अभ्यास झाला, २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. काहींना अ‍ॅमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट, काहींना नुसती औषध नसलेली दिखाऊ गोळी, २४ आठवडे. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा जास्त कमी झालेली मुलं अ‍ॅमिट्रिप्टिलिनवाल्यांत ५२ टक्के, टोपिरामेटवाल्यांत ५५ टक्के, आणि दिखाऊ गोळीवाल्यांत ६१ टक्के. फरकच निघत नाही म्हणून अभ्यास लवकर थांबवला. मी हे असं वाचते की तिन्ही गटांतली निम्म्याहून जास्त मुलं सुधारली, आणि तिन्ही गटांत जे समान होतं ते म्हणजे रोजची नोंदवही, ठरलेल्या तारखेला डॉक्टरची भेट, दुखल्यावर वेळेवर औषध, आणि कोणीतरी पोराचं म्हणणं खरं मानून ऐकत होतं. तुमच्या मुलीला दोन वर्षं पित्त, मग चष्मा, मग मोबाइल ऐकावं लागलं. तिला आज सांगा की तुझं दुखणं खरं आहे, आम्हाला कळायला उशीर झाला.

गोळीसोबत दुसरं काहीतरी हवं हे आणखी एका अभ्यासात दिसलं, २०१३ सालचा, महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखणारी १३५ मुलं, सगळ्यांना अ‍ॅमिट्रिप्टिलिन, पण निम्म्यांना सोबत सीबीटी म्हणजे श्वास, शरीर सैल सोडणं, दुखण्याची भीती आणि दिवसाची आखणी शिकवणारं समुपदेशन, आणि बाकीच्यांना तेवढाच वेळ फक्त डोकेदुखीची माहिती. वीस आठवड्यांनी सीबीटीवाल्यांत ६६ टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले, दुसरीकडे ३६ टक्के. म्हणून गोळी लिहून दिली आणि काम झालं असं मी मानत नाही, समुपदेशकाचा पत्ताही चिठ्ठीवरच लिहून देते.

माझं मत विचाराल तर डॉक्टरांना भेटा, चार दिवसांत थांबवली हे न लाजता सांगा आणि बोलून परत सुरू करायची की नाही ठरवा. सुरू केली तर दोन-तीन महिने नेमाने द्या, त्याआधी फरक कळत नाही. आणि हे आत्ताच, नववीतच. जानेवारीत मुलं घेऊन येणारे पालक दरवर्षी भेटतात, परीक्षा फेब्रुवारीत असते, मग त्या रोजच्या गोळीचा गुण यायला वेळच उरत नाही, फक्त गुंगी वाट्याला येते.

प्रश्न: मुलगा दहावीत, मायग्रेन आहे. शेजारच्या मुलीला प्रोप्रानोलॉल गोळीने खूप फरक पडला, तिचे मार्कही वाढले. आम्ही तीच सुरू करावी का? मुलाला लहानपणी दमा होता, अजून थंडीत पंप लागतो. एमआरआय काढलेला नाही, काढावा का? (वडील, इंदिरानगर)

उत्तर: दादा, नको. प्रोप्रानोलॉल दम्याच्या मुलाला देत नाहीत, श्वासनळ्या आवळल्या जाऊ शकतात, आणि नाशिकच्या डिसेंबरात पंप लागणाऱ्या मुलाला तर नाहीच नाही. शेजारणीला ती छान लागली असेल, चांगलं आहे, पण ही गोळी उसनी घ्यायची वस्तू नाही. तुमच्या डॉक्टरांना पंपाचं आवर्जून सांगा, डोक्यासाठी आलेले पालक दम्याचं बोलतच नाहीत.

मग दुसरं काय? आपल्याकडे फ्लुनारिझिन बरंच देतात, रात्रीची गोळी, झोप आणि वजन वाढतं, काही मुलं उदास होतात, तिकडे लक्ष ठेवायचं. टोपिरामेटला अमेरिकेत २०१४ पासून १२ ते १७ वयासाठी मान्यता आहे, पण दहावीच्या मुलाला देताना मी दोनदा विचार करते, कारण तिने काही मुलांना शब्द आठवत नाहीत. बोटांना मुंग्या येतात ते चालवून घेतात, पण पेपरात ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द जिभेवर आहे आणि लिहिता येत नाही म्हणून रडणारा मुलगा मी बघितलाय, गोळी बदलली आणि तो सावरला. मुलींच्या बाबतीत टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट (तीही मुळात फिटचीच गोळी) दोन्ही पुढे गरोदरपणात बाळाला धोकादायक म्हणून आणखी जपून. आणि नवीन म्हणाल तर महिन्यातून एकदाचं फ्रेमानेझुमॅबचं इंजेक्शन, त्याला ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ६ ते १७ वयासाठी मान्यता मिळाली, वजन किमान ४५ किलो हवं.

मार्क वाढतील का या प्रश्नाला सरळ उत्तर देते. गोळी मार्क वाढवत नाही, ती बुडणारे दिवस परत देऊ शकते. ब्राझीलमध्ये ५ ते १२ वयाच्या साडेपाच हजारांहून जास्त मुलांच्या अभ्यासात, २०१२ साली छापलेला, अर्धशिशी असलेल्या मुलांची शाळेतली कामगिरी सरासरीपेक्षा खाली असण्याची शक्यता ३० टक्क्यांनी जास्त दिसली. म्हणजे संबंध आहे. पण परत मिळालेल्या दिवसांत मुलाने मागचं राहिलेलं भरून काढायला शिक्षकांची, घरची मदत लागते, ती गोळीत नसते. दोन महिन्यांत झटके कमी झाले आणि मार्क तिथेच म्हणून गोळी बंद करणारे पालक बघते तेव्हा फार वाईट वाटतं.

एमआरआय सरसकट नको. तपासणी नीट आहे, डोळ्याचा पडदा बघितलाय, दुखणं नेहमीच्याच पद्धतीचं आहे तर त्याची गरज पडत नाही. पण डोकं अचानक भयंकर दुखलं, झोपेतून उठवायला लागलं, रोज पहाटे उलटी, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, हातपाय लुळा पडणं, फिट येणं, ताप आणि मान कडक होणं, डोक्याला मार लागल्यावर दुखणं, किंवा आठवड्यागणिक वाढतच जाणं, यातलं काहीही असेल तर कॉलमला पत्र लिहीत बसू नका, लगेच दवाखान्यात जा.

प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे, ढोल पथकात आहे. सरावानंतर डोकं फुटतं. घरी सांगत नाही कारण पथक बंद करतील. मेडिकलमधून मायग्रेनची गोळी आणतो, आठवड्यात तीन-चार होतात. आता ती घेऊनही उतरत नाही. (गंगापूर रोड)

उत्तर: अरे बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस. आधी त्या गोळीचं. मेडिकलमध्ये मायग्रेनची म्हणून जी मिश्र गोळी मिळते तिच्यात बऱ्याचदा एर्गोटामाइन आणि कॅफिन असतं. तशी गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, किंवा साधी पेनकिलर पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. तू आठवड्यात तीन-चार म्हणतोस, म्हणजे महिन्यात बारा ते सोळा. म्हणून उतरत नाहीये. तुझं डोकं बिघडलं नाहीये, तू या चक्रात अडकलायस, आणि यातून बाहेर पडता येतं, पण एकट्याने नको, गोळी सोडताना पहिले काही दिवस दुखणं वाढतं आणि तिथेच सगळे हार मानतात. घरी सांग. आईला हा कॉलम दाखव हवं तर. दुखल्यावरचं औषध कुठलं आणि किती हे डॉक्टर तुझ्या वजनावर ठरवतील, ते सुरुवातीलाच घ्यायचं, दोन तास सहन करून नाही, आणि आठवड्यात दोन दिवसांच्या वर जायचं नाही. अ‍ॅस्पिरिन तुझ्या वयात स्वतःहून घेऊ नकोस.

ढोल सोडायला मी सांगणार नाही. नाशिकचा ढोल अंगात भिनलेल्या पोराला ते सांगून उपयोगही नाही, आणि शरीराला व्यायाम हवाच असतो. पण तुझी संध्याकाळ बघ ना. दुपारी एकला डबा, मग क्लास, क्लासमधून उपाशीपोटी थेट सराव, दोन तास ढोल कंबरेला, घाम, पाणी दोन घोट, ताशा कानाशी. डोकं दुखणार नाही तर काय होईल? सरावाआधी पोळी-भाजी, केळं, शेंगदाणे-गूळ काहीतरी पोटात जाऊ दे, बाटली सोबत ठेव, कानात इअरप्लग घाल आणि ताशांच्या रांगेपासून लांब उभं राहायचं पथकप्रमुखाला सांग. रात्री एकला झोपून रविवारी अकराला उठणं बंद, जास्त झोपेनेही झटका येतो. हे करून महिनाभर वहीत लिही, मग ढोलाचा दोष किती आणि भुकेचा किती ते तुलाच दिसेल.

प्रश्न: आमच्या काळात अर्धशिशीला सूर्योदयाआधी दूध-जिलबी देत, सुंठीचा लेप लावत. नातीला दिलं तर चालेल का? (आजी, पंचवटी)

उत्तर: आजी, जिलबीने अर्धशिशी जाते याला पुरावा नाही. पण त्या उपायात पोर उठल्या उठल्या काहीतरी खात होतं, आणि आजची मुलं फक्त चहा पिऊन साडेसहाच्या व्हॅनमध्ये बसतात, पहिलं खाणं थेट मधल्या सुट्टीत. रिकामं पोट हे झटक्याचं फार मोठं कारण आहे. तेव्हा रोज जिलबी नको, पण सकाळी नातीच्या हातात दूध आणि तूप-पोळीची गुंडाळी तुम्हीच द्या, आईच्या घाईत ते राहतं. नवरात्रात, श्रावणी सोमवारी तिला उपास नको, देव रागावणार नाही. सुंठीचा लेप गार वाटत असेल तर लावा, भाजत असेल तर पुसा. आणि तिचं डोकं दुखत असताना त्या खोलीत उदबत्ती लावू नका, वासाने वाढतं.

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत शिकवते. वर्गात दोन मुलींना मायग्रेन आहे. शिक्षक म्हणून काय करू? खोटं बोलून सुट्टी घेणाऱ्या मुलीही असतात, ओळखायचं कसं? (नाशिक रोड)

उत्तर: बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ओळखायचं कसं ते आधी सांगते. खऱ्या झटक्यातलं मूल मोबाइल मागत नाही, मैत्रिणीशी बोलत नाही, त्याला अंधार आणि शांतता हवी असते, चेहरा पांढरा पडतो, जेवणाच्या वासाने तोंड फिरवतं. आणि झटका खेळाच्या तासाला, सहलीच्या दिवशीही येतो. तरी शंका असेल तर मुलीच्या बाजूने चूक करा, खोटं बोलणाऱ्या एकीला अर्धा तास पडायला मिळालं तर काही बिघडत नाही.

बाकी तुमच्या हातात बरंच आहे. त्यांना खिडकीच्या उन्हासमोरून उठवून आतल्या बाजूला बसवा. बाकावर पाण्याची बाटली राहू द्या. मुली शाळेत पाणीच पीत नाहीत कारण स्वच्छतागृह घाण असतं किंवा कुलूप असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते कुलूप मुख्याध्यापकांशी भांडून उघडून घेतलंत तर माझ्या निम्म्या चिठ्ठ्यांपेक्षा मोठं काम होईल. मैदानावरच्या परिपाठाला उन्हात उभं करू नका. दुखायला लागल्याबरोबर औषध घेता यावं म्हणून पालकांची लेखी परवानगी आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एक-दोन डोस ऑफिसमध्ये ठेवा, घरून कोणी येईपर्यंत थांबलं तर तास-दीड तास जातो आणि तोवर पोट बंद पडलेलं असतं. औषध घेऊन अर्धा-पाऊण तास अंधाऱ्या खोलीत पडली तर बऱ्याच मुली पुढच्या तासाला परत वर्गात येतात, घरी पाठवायची वेळच येत नाही.

घटक चाचणी चुकली तर नंतर घ्या, शून्य लावू नका. वह्या पूर्ण करायला मैत्रिणीच्या वहीचे फोटो पाठवायची सोय करा, सगळं उतरवून काढायची सक्ती नको, त्या लिहिण्याच्या ढिगाच्या भीतीनेच पुढचा झटका येतो. आणि त्या दोघींच्या आयांना बोलावून महिन्याची नोंदवही मागा, तुमच्याकडची हजेरी शेजारी ठेवा. पाळीच्या आसपास, चाचणीच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, असं काहीतरी दिसेल. ते कागदावर लिहून मुलीसोबत डॉक्टरकडे पाठवा, आम्हाला ओपीडीत दहा मिनिटांत जे कळत नाही ते तुम्हाला रोज पाच तास दिसत असतं.